एलपीटी2 चा खोटा स्टेटस: सहाव्या फोननंतरची तक्रार

मा. व्यवस्थापक,

तुमच्या नेटवर्क सॉफ्टवेअरबद्दल काल संध्याकाळी तुमच्या सपोर्टशी सहाव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, लिहूनच देतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात माझं हळदीचं अडत दुकान आहे. पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचा, प्रोग्रॅम मी स्वतः क्विकबेसिक 4.5 मध्ये लिहिलाय. छापण्याआधी तो इंटरप्टएक्स या कॉलनं डॉसला, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीला, नेटवर्कवरून काय काय जोडलंय ते विचारतो: प्रोसेसरच्या एएक्स या कप्प्यात 5एफ02, बीएक्स शून्यापासून एकेक वाढवत, एरर 18 (यादी संपली) येईपर्यंत. एलपीटी2 (प्रिंटरच्या जोडणीचं नाव) सापडला, बीएलमध्ये 3 म्हणजे प्रिंटर, बीएचचा शून्य क्रमांकाचा बिट 0 म्हणजे जोडणी ठीक. उत्तरात येणाऱ्या नावांसाठीचे बफर 16 आणि 128 बाइटचे आहेत, त्यांचे पत्ते सांगणारे डीएस-ईएस बरोबर दिलेत. तेव्हा चूक माझ्याकडे शोधू नका. हा कॉल चालतो असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय.

गुरुवारी गोदामातला प्रिंटरचा संगणक बंद पडला. तुमच्याच स्टेटसच्या पडद्यावर जोडणी तुटलेली दिसत होती, आणि माझ्या प्रोग्रॅमला मात्र बीएचमध्ये 0! पट्टी छापली अशी नोंद झाली, नंबर पुढे सरकला, कागद कोरा. तासगावचे एक काका सतरा पोती राजापुरी हळद घालून दीड तास बाकावर बसले होते. शेवटी हमाली-तोलाई वजा करून हातानं पट्टी लिहून दिली. त्यांनी ती उजेडात धरून दोनदा वाचली आणि विचारलं, "मशीनची का नाही?" या प्रश्नाचा अर्थ यार्डात सगळ्यांना कळतो.

आणि तुमचा माणूस काय म्हणतो?

"प्रिंटरचा दिवा हिरवा आहे का?"

म्हटलं, प्रश्न प्रिंटरचा नाही, बेसिकमधून मिळणाऱ्या स्टेटसचा आहे.

"आधी दिवा बघून या, सर."

गोदामापर्यंत जाऊन आलो. हिरवा आहे म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "बेसिक पॅकेजमध्ये प्रिंटिंगचा सपोर्ट नसतो. प्रीमियम घ्या."

बेसिक ही भाषा आहे हो! हे ज्याला माहीत नाही, त्याला तुम्ही डॉसच्या ग्राहकांच्या फोनवर बसवता? आणि मी त्याच्या सांगण्यावरून दिवा बघायला गेलो, याचा मला अजून संताप येतोय.

जोडणी तुटली की बीएचचा तो बिट 1 झालाच पाहिजे. तुमच्या पडद्याला कळतं ते माझ्या प्रोग्रॅमला का कळत नाही? दुरुस्ती कधी देणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवा. नाहीतर तिन्ही संगणकांवरून तुमचं सॉफ्टवेअर काढतो, आणि शेजारच्या ज्या दोन गाळ्यांत माझ्या शब्दावर ते घेतलंय, त्यांनाही काढायला सांगतो. तुमचं नाव मीच त्यांना सुचवलं होतं.

एक अडत्या, मार्केट यार्ड, सांगली