गिरणीवाल्या मावशी, त्या दिवशी तुम्ही आमचं दळण परत केलंत

मावशी,

समोर येऊन सांगायचा तीनदा प्रयत्न केला. पण तुमची गिरणी चालू असते, पट्ट्याचा आवाज, चार बायका डबे घेऊन उभ्या, आणि मला नेमकं तिथंच रडू येतं, म्हणून आता लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात धान्याची कोठी आहे आणि बऱ्याच घरांत ती लेकरं झोपतात त्याच खोलीत आहे.

आमचं सिडकोतलं घर तुम्ही बघितलंय, दोन खोल्या, पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत एका भिंतीला पत्र्याची कोठी, तिच्याच शेजारी खाली गाद्या घालून आम्ही तिघं झोपतो. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला कोठीच्या गार पत्र्याला पाय लावून झोपायची सवय. एप्रिलमध्ये एक क्विंटल लोकवन भरला होता. खरं सांगायचं तर त्याला ऊन नीट दिलंच नव्हतं, यांची अंबडला कंपनीत शिफ्ट बदलत होती, माझी शिवणाची कामं लग्नसराईमुळं तुंबलेली, दोन तास गच्चीवर पसरला आणि गरम गरमच कोठीत ओतून मोकळी झाले. मग आषाढ लागला, आठ-आठ दिवस कपडे वाळेनात, आणि एक दिवस कोठीचं झाकण उघडलं तर पाखरं उडाली आणि वरच्या थरात काळे टोके वळवळताना दिसले. दहा-बारा हजाराचं घर चालवणाऱ्या बाईला शंभर किलो गहू किडताना बघून काय होतं ते मी सांगायला नको.

माझ्या सासूबाई गावाकडं धान्यात पारदच्या गोळ्या टाकायच्या, तेवढंच मला माहीत. म्हणून बाजारात एका दुकानात गेले आणि म्हटलं, दादा धान्यात टाकायच्या गोळ्या द्या. त्यानं काही विचारलं नाही, घर आहे का गोदाम आहे, लहान मुलं आहेत का, काही नाही, कागदात गुंडाळून तीन गोळ्या दिल्या, वर नाव नाही की सूचना नाही, आणि म्हणाला फडक्यात बांधून मधोमध ठेवा, आठ दिवसांत एक किडा राहणार नाही. मी तसंच केलं. दशमीची संध्याकाळ होती ती. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, घरात सगळ्यांचा उपास, भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, पोरीनंही हट्टानं उपास धरला आणि रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. माझंही डोकं जड होतं पण मला वाटलं दिवसभर चहावर राहिल्यामुळं असेल. यांची रात्रपाळी होती, हे घरात नव्हतेच.

द्वादशीला सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, मी म्हटलं भगर. बास, पुढं दुसरा प्रश्नच नाही. आपल्या नाशकात भगरीच्या गिरण्या आहेत, उपासाच्या दिवसांत भगर बाधल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळं मलाही ते पटलं. दोन औषधं आणि ओआरएस देऊन घरी पाठवलं. डॉक्टरांवर माझा राग एवढाच आहे की त्यांनी घरात काही फवारलं का, कसली पावडर, कसली गोळी ठेवली का, एवढं एक वाक्य विचारायला हवं होतं. मी सांगितलं असतं हो. मी काही लपवत नव्हते, मला त्या दोन गोष्टी जोडताच आल्या नाहीत.

आणि आता विचार केला की अंगावर काटा येतो, दवाखान्यातून आल्यावर मी तिला आराम पडावा म्हणून त्याच खोलीत, त्याच कोठीशेजारी झोपवलं. बाहेर पाऊस होता म्हणून एक खिडकीही लावून घेतली होती. दुसरी खिडकी बिजागरी तुटल्यामुळं लागतच नाही, ती उघडी राहिली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या, ती तुटकी खिडकी तुमच्या कामी आली.

त्रयोदशीला पीठ संपलं म्हणून वरवरचे पाच किलो गहू चाळले, टोके काढले आणि डबा घेऊन तुमच्याकडं आले. तुमची एक सवय आहे, कितीही गर्दी असली तरी डबा तोंडात ओतायच्या आधी तुम्ही त्यात कोपरापर्यंत हात घालता, खिळा-खडा बघता, दाणा ओला आहे का बघता. मला त्याची चीड यायची, वाटायचं किती वेळ लावतात, माझं दूध गॅसवर आहे. त्या दिवशी तुम्ही हात घातला, मग थांबलात, डबा नाकाशी नेला आणि मागं वळून गिरणीच बंद केलीत. अख्खी रांग गप्प झाली. तुम्ही मला विचारलंत, "याला लसणाचा वास कसा येतोय? काय टाकलंय यात?" मी म्हटलं गोळ्या. "कसल्या?" मला सांगता येईना. "कोठी कुठंय?" मागच्या खोलीत. "तिथं कोण झोपतं?"

मी म्हटलं, आता मुलगी झोपलीये, तिला बरं नाही.

मावशी, तुम्ही चप्पलसुद्धा घातली नाहीत. पन्नाशी उलटलेली बाई त्या चिखलातनं माझ्यापुढं पळत गेली आणि गल्लीतल्या पोराला ओरडून सांगितलं की एकशे आठला फोन लाव. माझी पोर गादीसकट उचलून ओट्यावर आणलीत, तेही श्वास धरून. मग दारं-खिडक्या सताड उघडल्यात. मी वेड्यासारखी कोठीत हात घालून फडकं काढायला निघाले होते तर तुम्ही माझा दंड धरलात, अजून दोन बोटांचा वळ आठवतो मला, आणि म्हणालात, "शिवू नको, हात ओला आहे तुझा, पाणी तर त्याच्याजवळ नेऊच नको, पाणी लागलं की वायू भसकन सुटतो. आधी पोरगी." शेजारच्या वहिनी बादली घेऊन आल्या होत्या, त्यांनाही तुम्हीच अडवलंत.

सिव्हिलला पोचलो तेव्हा तुम्ही तिथल्या डॉक्टरांना एका दमात सांगितलंत की धान्यातली गोळी आहे, तीन आहेत, तीन दिवस झाले, पोटात गेलेली नाही, वायू हुंगलाय. पोरीला एक दिवस आणि दोन रात्री ठेवून घेतलं, छातीला वायरी, दर तासाला नाडी आणि बीपी. ती बरी आहे. शाळेत जातेय, डबा परत आणतेय, सगळं पूर्वीसारखं.

डॉक्टर मॅडमनी जे समजावलं ते इथं लिहिते कारण मला ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या गोळीत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला दमटपणा लागला की त्यातनं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, तोच किडे मारतो आणि तोच माणसाला मारतो. हवेपेक्षा थोडा जड असतो, त्यामुळं खाली गादीवर झोपणाऱ्याला जास्त धोका. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा, पण प्रत्येकाला तो येईलच असं नाही, मला तर स्वतःच्या घरात आलाच नव्हता. डोकं दुखणं, मळमळ, उलट्या, चक्कर, छातीत दडपण, सगळं पोट बिघडल्यासारखंच दिसतं. या विषावर उतारा नाही, नुसतं अंगाला सावरून धरायचं एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. आणि या गोळ्या घरात वापरायच्या नसतातच, त्या गोदामांसाठी असतात, सरकारी यंत्रणा किंवा परवाना असलेले पेस्ट कंट्रोलवाले सोडून त्या कुणाला विकायच्याही नाहीत. तरी मला कागदात बांधून मिळाल्या, भाजीसारख्या. त्या दुकानाबद्दल यांनी लेखी तक्रार केलीये. पारदच्या गोळ्यांचंही विचारलं मी, तर त्या म्हणाल्या त्यात पारा असतो, त्याही खायच्या धान्यात नकोच. एम्सचा विषबाधेसाठीचा फुकट नंबर आहे तोही त्यांनी लिहून दिला, १८०० ११६ ११७, मी तो फ्रीजवर चिकटवलाय, तुम्हीही सगळ्यांनी चिकटवा.

तुम्हाला हे सगळं कसं माहीत ते मला दवाखान्याच्या बाकावर कळलं. काका हयात असताना गोदामात हमाली करायचे, धुरी द्यायच्या वेळी पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री टाकून कडेनं वाळूच्या लांब पिशव्या कशा दाबतात, मग पाच-सात दिवस तिकडं कुणाला फिरकूही देत नाहीत, आणि काका घरी येऊन आधी कपडे बाहेर काढायचे, हे तुम्ही मला रात्री दोन वाजता सांगत होतात आणि माझी पोर आत झोपली होती. ताडपत्रीखाली सात दिवस ठेवायची वस्तू मी पोरीच्या उशाशी ठेवली होती. काकांच्याच ओळखीतले ते दादा दुसऱ्या दिवशी मास्क आणि हातमोजे घालून आले, ती गाठोडी नेली, पैसे दिले तर घेतले नाहीत. त्यांचेही आभार, त्यांना निरोप द्या. सगळे गहू आम्ही सोडून दिले. जीव तुटला पण दिले.

आता जे मला सगळ्यात जड जातंय ते. मागच्या दिवाळीच्या आधी गल्लीतल्या लोकांनी तुमच्या गिरणीविरुद्ध अर्ज केला होता, आवाज होतो, पीठ उडून कपड्यांवर बसतं, दगडाला टाकी लावताना सकाळी सकाळी टकटक होते, गिऱ्हाइकांच्या गाड्या दारात लागतात. त्या अर्जावर तिसरी सही माझी आहे. तुम्हाला ते माहीत होतं. ज्या दिवशी तुम्ही अनवाणी पळालात त्या दिवशीही माहीत होतं, हे तुमच्या सुनेनं मला परवा सांगितलं आणि त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. मावशी, मला माफ करा. मी ती सही लेखी मागं घेतलीये, आणि बाकीच्या सात घरांत जाऊन बोलून आलेय. पिठाचा त्रास खरा आहे, समोरच्या आजोबांना दमा आहे, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यासाठी दाराला जाड पडदा आणि मागच्या बाजूनं एक्झॉस्ट एवढं पुरेल, खर्च आम्ही चार घरं मिळून देतो, आणि टाकी लावायचं काम दुपारी करायचं तुम्ही कबूलच केलंय. गिरणी हलवायची गरज नाही. पवननगरच्या मार्केटपर्यंत डबा वाहून नेल्यावर तिथं कोण आपल्या डब्यात हात घालून बघणार आहे?

बायांनो, मावशी आता रोज मला धडे देतात ते तुमच्यासाठीही लिहिते. त्यांचं पहिलं म्हणणं, घर लहान असेल तर वर्षाचं भरूच नका, दोन महिन्यांचं घ्या, भाव चार रुपये जास्त पडला तरी किडीत जाण्यापेक्षा परवडतं. भरायचंच असेल तर उन्हाळ्यात कडक ऊन द्या आणि दाणा दाताखाली धरून बघा, कटकन तुटला तर वाळला, चिवट लागला तर अजून एक ऊन. ऊन दिल्यावर लगेच भरायचं नाही, रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, कोमट धान्य कोठीत गेलं की आत घाम धरतो आणि तिथूनच सगळं सुरू होतं (माझं नेमकं तेच चुकलं). गव्हाला आणि तुरीच्या डाळीला तळहाताला एरंडेल लावून चोळायचं, दाणा नुसता चकाकला पाहिजे, ओला होता कामा नये. कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवलेलाच घालायचा, हिरवा घातला तर ओल तुम्हीच आत नेली. तांदळाला कडक ऊन द्यायचं नाही, कणी होते. कोठी रिकामी झाली की तळाचा आणि कडेचा जुना भुगा ब्रशनं काढून कोठीलाच ऊन द्या, नवीन धान्यात किडे बहुतेक वेळा त्या भुग्यातनंच चढतात. आणि किडे झालेच तर चाळा, पाखडा, उघडीप मिळाली की पसरा, कोंबड्यांना घाला, पण गोळी नको. कसलीच.

यांनी त्या खोलीची खिडकी अजून दुरुस्त केलेली नाही, मीच करू देत नाहीये. कोठी ओट्यावर काढली, पोरीला आता पाय लावायला गार भिंत आहे.

मावशी, आमचा डबा अजून तुमच्याकडंच आहे, निळ्या झाकणाचा. रविवारी बाजारातनं दहा किलो गहू आणलेत, ऊन दिलंय, दाताखाली धरून बघितलेत, तरी तुम्ही हात घालून बघाच. उद्या संध्याकाळी येते. पाच किलो, पोळीचं, बारीक.

तुमची,
तिसऱ्या गल्लीतली शिवणवाली