सदा, पैज तू अर्धीच जिंकलास

पुणे
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय सदा,

तुझी दोन ओळींची मेल मिळाली. 'दशावतार बघितलास काय? पैजेचं काय झालं?' बास. आई कशी, अप्पा कसे, पोरं कशी, काही नाही. चाळिशी उलटली तरी तुझी चौकशी पिक्चरपासून सुरू होऊन पिक्चरवरच संपते. असो. जहाजावर व्हिडिओ चालत नाही पण मजकूर येतो म्हणालास, म्हणून आज दुपारची झोप मोडून सगळं लिहायला बसलोय. घाबरू नकोस, उत्तरार्धात काय होतं ते फोडणार नाही.

ट्रेलर आला तेव्हा तू बंदरात होतास आणि बघितल्या बघितल्या निकाल देऊन मोकळा झालास: 'त्या कन्नड कांताराची मालवणी झेरॉक्स.' मी नाही म्हटलं आणि एक किलो खाज्याची पैज लागली. जत्रेतला, आल्याचा. पाकिटातला नव्हे. आता कबूल करतो, तेव्हा मी निव्वळ तुला विरोध म्हणून बोललो होतो. आतून माझीही टरकली होती, पण कारण वेगळं. इतर पिक्चरची वाट बघताना आपल्याला काय, आवडला तर आवडला, नाहीतर तिकिटाचे पैसे गेले. हा पिक्चर आपल्या कोकणातल्या दशावतारावर, जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यावर; म्हणजे आपल्या घरचं कार्य आणि आचारी बाहेरचा. मीठ कमी पडलं तर मान आपली खाली जाणार. खेळातल्या संकासुराला कार्टून केलं तर? मालवणी म्हणजे नुसत्या शिव्या असा समज करून घेतला तर? आपल्या बोलीचं नाटका-सिनेमांत काय काय झालंय ते तुला सांगायला नको.

आणि त्यात दिलीप प्रभावळकर. १९९३ साली 'झपाटलेला' बघून आल्यावर महिनाभर रात्री एकटा मागच्या दारी जायला घाबरायचास ते आठवतं ना? मी विसरलेलो नाही. तो तात्या विंचू आता ८१ वर्षांचा आहे, आणि या वयात त्याच्या खांद्यावर अख्खा पिक्चर टाकलाय म्हटल्यावर काळजी वाटणारच.

१२ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात, एकाच शुक्रवारी तीन मराठी पिक्चर लागले: 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. ही कुणाची अक्कल मला अजून कळलेलं नाही. वर्षाला बावन्न शुक्रवार असतात रे! तिघांचा प्रेक्षक एकच, खिसाही एकच. वर त्याच दिवशी जपानी 'डेमन स्लेयर'. त्याच्यासाठी माझा भाचा सकाळी सहाच्या खेळाला गेला. एरवी त्याला शाळेसाठी उठवायला तीन माणसं लागतात. मी तुला ठामपणे लिहिलं होतं की सोमवारी 'दशावतार'चा एक शो उरेल, तोही दुपारी पावणेतीनचा. तिथे मी तोंडावर आपटलो. आमच्या जवळच्या थिएटरात शुक्रवारी चार खेळ होते, दुसऱ्या आठवड्यात सहा झाले.

शनिवारी अप्पांना घेऊन गेलो. ते आधी येईनातच. "आख्खो जन्म दशावतार बघितलंय, आता पैसे देवन पडद्यार कित्याक बघू?" शेवटी रिक्लायनरची लालूच दाखवली. खुर्चीत बसल्यावर बटण दाबून पाय वर केले, खाली केले, परत वर केले, तोवर जाहिराती संपल्या. मग पिक्चर सुरू झाला आणि थोड्या वेळाने पडद्यावर देवाचं काही आलं तर अप्पांनी गुपचूप पाय खाली घेतले, चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि शेवटपर्यंत अनवाणी बसले. एसीत त्यांचे पाय गारठतात हे मला माहीत, पण बोललो नाही.

आता पिक्चर. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, नजर अधू होत चाललेली. मुलगा माधव (सिद्धार्थ मेनन) म्हणतो, बाबा आता बास. बापाला ते सोडवत नाही. ही बापलेकाची जोडी मला सगळ्यात आवडली. सुबोध खानोलकरने पूर्वार्ध सावकाश रांधलाय, आणि गुरू ठाकूरचे संवाद आपल्या अंगणातले वाटतात. प्रभावळकरांबद्दल काय लिहू? ते चेहऱ्याला रंग लावतात तेव्हा त्यांचे हात बघ. नजर गेलेल्या माणसाचे हात चेहरा कसा चाचपतील, तसे फिरतात. आपल्या गावच्या देवळामागे कंदिलाच्या उजेडात, हातात फुटका आरसा धरून, रंग लावणारे नट आपण तासन् तास बघितलेत. माझ्या पोटात तिथेच कालवलं.

तुझ्या झेरॉक्सचं म्हणशील तर रान आहे, देव आहे, जमिनीवर डोळा ठेवणारी बाहेरची माणसं आहेत, रात्र आहे, मशाली आहेत. हे सगळं 'कांतारा'त होतं, कबूल. उत्तरार्धात तर दिग्दर्शकाने तो पिक्चर बघितलाय हे लपत नाही. पण एक फरक आहे आणि माझ्या मते तोच सगळा पिक्चर आहे. तिकडे दैव, म्हणजे गावचा देव, माणसाच्या अंगात येतं. आपल्याकडे दशावतारी सोंग घेतो. त्याला ठाऊक असतं की मी सोंग घेतलंय. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि संवाद जागेवर जुळवायचे. आधी आडदशावतारात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, मग काळा संकासूर लाल जीभ लोंबवत मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. रात्रभर विष्णू झालेला माणूस सकाळी रंग पुसून टेम्पोत बसतो आणि दुपारी स्वतःच्या शेतात चिखल तुडवतो. अंगात आलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. सोंग घेतलेल्याने काही केलं तर ते त्याने जाणून-बुजून, आपल्या कलेच्या जोरावर केलेलं असतं. बाबुलीचं तसं आहे. पुढचं सांगत नाही.

चुका आहेत. खलनायक मंडळी पुठ्ठ्याची. शेवट ताणलाय. काही ठिकाणी मालवणी दादरला चार वर्षं राहून आलेली वाटते. बाहेर पडताना अप्पांना विचारलं, कसा वाटला? चपला शोधत म्हणाले, "बरो आसा. पण रात्री अकराक सुरू जाता तां पाटे संपता. हेंनी अडीच तासात आटापलो." आणि पार्किंगपर्यंत गप्प. घरी आल्यावर बघतो तर पलंगावर बसून मांडीवर ठेका धरलेला. म्हणून म्हणतो, पैज अर्धी-अर्धी. अर्धा किलो तू, अर्धा किलो मी.

दुसरा पिक्चर बघितला तो पुढच्या शुक्रवारी, १९ तारखेला लागलेला 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडेचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात याला जागतिक कथापट विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं तेव्हा मी तुला कळवलं होतं. सनडान्सला गेलेला पहिला मराठी कथापट. तेव्हापासून आठ महिने वाट बघत होतो. आणि गंमत बघ, इतकी वाट बघितलेला पिक्चर बघायला नऊ जण. मोजले. मी दहावा. शेजारच्या पडद्यावर 'जॉली एलएलबी ३', तिथला हशा भिंतीतून आमच्याकडे येत होता.

वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांचा लग्नासाठी लकडा चालू, आणि इकडे लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोघांमधलं प्रेम, तेही त्याच गावात, त्याच शेळ्यांच्या मागे फिरताना. आरडाओरडा नाही, 'समाज काय म्हणेल' छापाचं भाषण नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं त्यात येतात नि जातात. एक दृश्य इतकं स्थिर की मागचा एक जण मोठ्याने म्हणाला, "अडकला काय?" तेवढ्यात चौकटीत कुणीतरी हललं आणि तो ओशाळून खोकला. पितृपक्षात सुतकाचा पिक्चर, हा योगायोग की कुणी मुद्दाम साधला, देव जाणे.

मला वाटलं होतं, बक्षीसवाला पिक्चर म्हणजे कौतुक करायचं आणि आतून कंटाळायचं. आपण असे कितीतरी बघितलेत, चहाच्या टपरीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघत 'चांगला होता ना?' म्हणालोय. इथे तसं झालं नाही. आनंदची आई (जयश्री जगताप) काही न बोलता किती समजून घेते ते बघून मला माझी आई आठवली. मी आठवीत नापास झालो तेव्हा तिने फक्त पानात जास्तीची भाकरी वाढली होती. संपल्यावर आम्ही दहाही जण पाट्या संपेपर्यंत उठलो नाही. मग सफाईवाला झाडू घेऊन आला.

बुधवारपर्यंत तो जवळपासच्या थिएटरांतून गेलासुद्धा. 'दशावतार' मात्र आहे, आणि मला आता येत्या गुरुवारची धास्ती. २ ऑक्टोबरला 'कांतारा'चा पुढचा भाग येतोय (मागचा म्हणायला हवं, गोष्ट आधीची आहे), तो पडदे गिळणार. मी तिकीट काढलंय, लपवत नाही. पहिल्या दिवशी, रात्री साडेनऊचं. भाचाही येतोय, सहाला उठायचं नाही म्हणून खूश आहे. बघून आलो की लिहितो, पण या वेळी पैज लावू नकोस.

एक महत्त्वाचं. इंजिनरूममधला कुणीतरी हार्डडिस्कवर 'दशावतार'ची चोरटी कॉपी देईल, ती बघू नकोस. डोकी हलतात त्यात, आणि रात्रीच्या दृश्यात तुला नुसता काळा पडदा दिसेल. डिसेंबरात उतरशील तेव्हा एखाद्या पडद्यावर उरला असला तर बघू, नसला तर घरी लावू. तोवर आपल्याकडे जत्रा आणि त्यांतले दहिकाले, म्हणजे दशावताराचे खेळ, सुरू झालेले असतील. अप्पांनी तुला निरोप दिलाय, शब्दशः लिहितो: "सदाक सांग, खाजो वायच कडक बघून घे. आणि दहिकाल्याक येतलो तर कांबळा घेवन ये, गेल्या खेपेक माझा न्हेल्यान तां अजून परत देवक नाय."

तुझा,
विनू