काकाजी, तुम्हाला सगळं माहीत होतं

प्रिय काकाजी,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण मी घेतलेले पैसे वाचनालयाचे म्हणजे गावाचे होते म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो.

एमएला हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' लागली होती, 1850 ची कादंबरी, अन् मला तिचं एक पान धड उमगत नव्हतं. तुम्ही म्हणाले, "आण इकडं, पाहू." दारव्ह्याच्या अलीकडलं आपलं गाव, कापूस वेचणीचे दिवस, वाचनालयाला कुलूप लावायच्या आधी तासभर बसायचो, लाईन गेली की मोबाईलचा टॉर्च लावून तुम्ही एकेक लांबलचक वाक्य सोडवून वऱ्हाडीत सांगायचे. बॉस्टनमधल्या त्या हेस्टरला तान्ह्या पोरीसकट तीन तास चबुतऱ्यावर उभं केलं, आणि पोरीचा बाप कोण हे ती सांगत नाही. बाप म्हणजे गावाचा लाडका धर्मगुरू डिम्सडेल, सारखा छातीवर हात धरून फिरणारा, आणि हेस्टरचा खरा नवरा चिलिंगवर्थ नाव बदलून, वैद्य होऊन त्याच्याच घरात राहायला येतो.

दहाव्या प्रकरणाची ती संध्याकाळ मी विसरणार नाही. चिलिंगवर्थ काळसर पानांची वनस्पती घेऊन येतो, म्हणतो ही एका बिननावाच्या कबरीवर उगवली, मेलेल्याच्या काळजात पुरलेलं गुपित असं वर आलं असेल. मग गोड बोलून बोलून खोदत राहतो, की मनातलं सांगितल्याशिवाय आजार कसा बरा होईल. शेवटी भर दुपारी झोपलेल्या डिम्सडेलच्या छातीवरचा कपडा बाजूला करतो, आत जे दिसतं त्यानं हात वर करून पाय आपटतो आनंदानं. मला वाटतं पूर्ण कादंबरीत याच्याइतकं भयंकर काही नाही, औषध देऊन माणूस जिवंत ठेवायचा तो फक्त छळायला.

माझ्या घशाला कोरड पडली होती. कारण दिवाळीत मी चार सभासदांची अनामत, 800 रुपये, घेऊन पावती न फाडता परीक्षेचा फॉर्म भरला होता, आणि तुमच्या नजरेला नजर देत नव्हतो. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, मला वाटलं आता विचारतील. तुम्ही पुस्तकात बसची तिकीट ठेवली अन् म्हणाले, "जाय, दोन चहा सांगून ये."

त्यानंतर चार महिने रजिस्टर, गल्ल्याची चावी, सगळं पहिल्यासारखंच माझ्या हातात ठेवलं. चिलिंगवर्थला सात वर्षं दुसरं काहीच सुचलं नाही, अन् डिम्सडेलनं चबुतऱ्यावर चढून सगळं कबूल केल्यावर वर्षाच्या आत चिलिंगवर्थही संपला. तुम्ही मात्र वाट पाहिली. तुरी निघाल्यावर मी रडत सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच बोलले, "मले दिवाळीतच मालूम होतं बापू, मेळ लागत नव्हता. पण तुह्या तोंडून यायले पाह्यजे होतं." आणि ते 800 तुम्ही तेव्हाच आपल्या खिशातून भरले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही तेव्हा चारचौघात विचारलं असतं तर मी गाव सोडून गेलो असतो काकाजी, खरं सांगतो. आज नोकरी आहे, ताठ मानेनं गावात येतो, ते तुमच्यामुळं.

600 दिलेत, 200 बाकी आहेत. पोळ्याला येतो तेव्हा घेऊन येतो, अन् त्या चार सभासदांच्या राहिलेल्या पावत्याही फाडून देऊ, सही मीच करीन.

तुमचाच,
बापू