शून्य कोण म्हणणार?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "शाळेत नवीन काय?" असं विचारलंयस. नवीन काहीच नाही रे. म्हणून सरळ कालचा अख्खा दिवस लिहून काढतो. वाचताना जांभई आली तर दोष माझा नाही, वेळापत्रकाचा.

पहिली घंटा झाली तेव्हा मी जिन्यातच होतो, नेहमीसारखा. वर्गात शिरलो तर हजेरी चालू. तुझा नंबर अजून कुणाला दिलेला नाही. बाई "सतरा" म्हणतात, मी "हजर" म्हणतो, मग त्या पटावर क्षणभर अडखळतात आणि थेट "एकोणीस". एकोणीस नंबरवाला बेसावध असला की दचकतो. काल दचकला.

पहिले दोन तास गणिताचे. वर्गसमीकरणं. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना वजाचा अधिक करायला मी पुन्हा विसरलो आणि फळ्यापाशी उभा राहून सगळ्यांची करमणूक केली. पुढे व्याकरणाचा तास होता, त्यातलं सांगण्यासारखं एवढंच की समास ओळखता आला, विग्रह करता आला नाही.

खरी गंमत प्रयोगशाळेत झाली. लंबकाचा प्रयोग होता. टेबलाच्या कडेला स्टँड, कॉर्कच्या फटीत दोरा, दोऱ्याला धातूचा गोलक. लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोलकाच्या मध्यापर्यंत मोजायची, हे मात्र माझ्या बरोब्बर लक्षात होतं. १०० सेंटिमीटर घेतली. वीस दोलनांना किती वेळ लागतो ते बघायचं, वीसनं भागायचं आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. गोलक सोडायला आणि मोजायला मी, स्टॉपवॉचवर माझा नवा जोडीदार. (मुलगा चांगला आहे, पण माझ्या वहीच्या कोपऱ्यात विमानं काढतो.)

पहिल्यांदा ३८.१ सेकंद आले. मग ३८.२. मग ३८.०. तिन्ही इतके जवळ आले की आम्ही एकमेकांना टाळी दिली. आकडेमोड केली तर उत्तर १०.८८! यायला हवं ९.८ च्या आसपास. जोडीदार गंभीरपणे म्हणाला, "आपल्या टेबलाखाली पृथ्वी जास्त ओढते." मी लांबी पुन्हा मोजली, बरोबर. दुसरा जड गोलक लावून पाहिला, वेळ तेवढाच. तो बदलायचा नव्हताच, वस्तुमानाचा इथे संबंध नाही हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय. पण अडला हरी...

शेवटी सर आले. काही बोलले नाहीत. गोलक थोडासा बाजूला घेतला, म्हणाले, "मोज. मोठ्यानं." त्यांनी सोडला आणि मी म्हणालो, "एक!"

सरांनी गोलक हातात धरला. "काय एक? तो अजून कुठे जाऊन आलाय?"

आलं लक्षात? मी सोडल्यासोडल्या एक म्हणत होतो. म्हणजे मी वीस म्हणायचो तेव्हा दोलनं एकोणीसच झालेली असायची, आणि भागायचो मात्र वीसनं. तीनदा मोजलं, तीनदा तीच चूक, म्हणून आकडे इतके छान जुळत होते! सुरुवातीला तू "शून्य" म्हणायचास आणि आपली पाठची फळी खिदळायची, आठवतं? मीच तुला रॉकेट सोडतोस का म्हणून चिडवलं होतं. इतके दिवस मोजायचं काम तुझ्याकडे होतं, त्यामुळे तो शून्य कशासाठी असतो याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मग पुन्हा केलं. मी मोठ्यानं "शून्य" म्हणालो आणि सगळ्या प्रयोगशाळेनं वळून पाहिलं. ४०.१ सेकंद. उत्तर ९.८२. जुने आकडे खोडरबरानं पुसू दिले नाहीत सरांनी. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडे लिहायला लावले, त्यामुळे माझ्या प्रयोगवहीत आता चूक कायमची दिसणार आहे.

मधल्या सुट्टीनंतर भूगोल. त्या तासाला डोळे उघडे ठेवणं हीच परीक्षा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. तेवढ्यात डोक्यात आलं, की ३५ मिनिटांच्या गोष्टीला आपण "तास" का म्हणतो? त्या हिशेबानं आमचा भूगोलाचा तास होईतो पृथ्वी जेमतेम पावणेनऊ अंश फिरते. मी हे जोडीदाराला कुजबुजून सांगितलं आणि उरलेले तीन अंश उभं राहून काढले.

शेवटचा तास ऑफ होता. प्रॉक्सीला आलेल्या बाईंनी "आपापला अभ्यास करा" म्हटलं आणि स्वतः वह्या तपासत बसल्या. मी या पत्राची सुरुवात तिथेच केली. वरच्या ओळीवरचं विमान माझं नाही.

तुमच्याकडे लंबकाचा प्रयोग झाला का? आणि तिथे तुला मोजायला देतात की घड्याळावर बसवलंय? लिही.

तुझा,
नंबर सतरा

ता. क. तुझा कोनमापक माझ्या कंपासपेटीत राहिलाय. काल त्याच्यावर पावणेनऊ अंश शोधत होतो. आठ सापडतात, नऊ सापडतात, मधलं तू शाईनं भरून ठेवलंयस.