चार बोटं

ओसाका, रविवार रात्र

प्रिय मिलिंदा,

जय भीम. तब्येत ठीक, दाढ काढली.

हे फक्त तुलाच लिहू शकतो. मी खोली शोधत होतो. नदीपलीकडची एक स्वस्तातली दाखवा म्हटलं, तर एजंटाने मागे वळून बघितलं, अंगठा दुमडला आणि चार बोटं वर केली. बोलला काहीच नाही. चार म्हणजे 'योत्सु', चार पायांचं जनावर, इथे अस्पृश्य ठरवलेल्या लोकांना दिलेली शिवी. कोथरूडचा तो घरमालक आठवतो ना, "पूर्ण नाव?" विचारणारा? तोच चेहरा रे. खोली मी तीच घेतली.

ऑफिसात जेवताना हे सांगितलं, तर सगळे गप्प. संध्याकाळी आमच्यातली एक मुलगी जिन्यात थांबली होती. ती वस्ती तिच्या आजीची. डिसेंबरात तिचं लग्न आहे आणि मुलाकडे कुणाला माहीत नाही. मला विचारते, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

तेव्हापासून झोप नाही. वाचत बसलोय. या लोकांसाठीचा जुना शब्द 'एता'. तेराव्या शतकातला एक ग्रंथ तो 'एतोरी'वरून आला म्हणतो, म्हणजे शिकारी ससाण्यांना मांस पुरवणारे. कामाचं नाव होतं! मग तोच उच्चार 'पुष्कळ घाण' अशा अर्थाच्या अक्षरांत लिहू लागले. मेलेली जनावरं ओढायची, कातडं कमवायचं, देवळातल्या ढोलाला चढवायचं. ढोल पवित्र, माणूस नाही. तुला पुढचं सांगायला नको.

1871 साली सरकारने हुकूम काढून तो शब्द मोडला. लोक लगेच 'नवे सामान्यजन' म्हणू लागले, आणि तीच शिवी झाली. मग सरकारी कागदांत 'विशेष वस्ती' आलं, तेही नासलं. आता उरलं 'बुराकु', म्हणजे नुसती वाडी, तर तेही दबक्या आवाजात बोलतात. 1975 मध्ये उघड झालं की अशा वस्त्यांच्या पत्त्यांची यादी 200 हून अधिक कंपन्यांनी विकत घेतली होती, नोकरीला येणाऱ्यांची पारख करायला. शब्द कितीही बदला, पत्ता तोच राहतो.

आता तू उड्या मारणार. 3 मार्च 1922 ला क्योतोच्या सभागृहात या लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना काढली आणि जाहीरनाम्यात म्हटलं, आम्ही एता आहोत याचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे. महाडच्या पाच वर्षं आधी! वाचताना अंगावर काटा आला. हॉस्टेलात 'दलित' म्हणायचं की 'बौद्ध' यावर तू माझी गादी व्हरांड्यात फेकली होतीस, त्या रात्रीचा तुझा सगळा मुद्दा यात आहे. (गादी पावसात भिजली, ते मी विसरलेलो नाही.)

पण मिलिंदा, त्या सभागृहात माणसं खच्चून भरली होती. ही पोरगी जिन्यात एकटी उभी होती. तिला अभिमान बाळग म्हणू? कुणाच्या जोरावर? मला वाटतं तिने लग्नाआधीच सांगावं, लपवलेलं आयुष्यभर उशाशी बसतं. पण मोडलं तर सोसायचं तिने, मी नाही. वैशालीच्या घरी तू सांगितलंस, तेव्हा बाहेर स्कूटरवर मीच बसलो होतो. आत काय झालं ते तू कधी बोलला नाहीस. आता बोल. तिला खरं तेवढंच सांगायचंय मला.

नव्या नोकरीचं कळलं, छान झालं. काकूंचा मोतीबिंदू काढला का? पिल्लूला बूट पाठवलेत, माप चुकलं तर पुढच्या वर्षी होतील.

बुधवारी रात्री फोन कर, तुझे नऊ म्हणजे माझे साडेबारा, मी जागाच असतो. ती शुक्रवारी भेटणार आहे.

तुझा,
रवी