लहान घर, पण झोपाळ्यासकट

महोदय,

निवृत्तीनंतर मिरजेचं घर विकून आम्ही दोघं कोथरूडला वन बीएचकेत आलो. डायनिंग टेबल, शोकेस सगळं वाटून टाकलं. झोपाळा मात्र आणला. हॉलमध्ये सोफ्याऐवजी तोच. मुलगा म्हणतो, जागा अडते. अडू दे! कड्या कुरकुरल्या की घर आपलं वाटतं. पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला, खिडकीत ओवा आणि गवती चहा.

खरी पंचाईत बाथरूमची. गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात न घसरणाऱ्या फरश्या, आधाराच्या दांड्या आहेत. साध्या इमारतींतही बिल्डरांनी एवढं द्यायला काय हरकत आहे?

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे