वासराची पापणी एकदा उलटून पाहा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यातच गेली, देवणी आणि लाल कंधारी गाई, मराठवाडी म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्यांमध्ये. निवृत्त झालो तरी गावातली माणसं जनावर घेऊन दारात येतातच. अशाच एका कालवडीमुळे हे पत्र लिहितो आहे.

गेल्या भाद्रपदात शेजारच्या वस्तीवरचा एक शेतकरी देवणीची सात महिन्यांची कालवड घेऊन आला. पोट सुटलेलं, केस राठ, शेपटी हगवणीने माखलेली. जबड्याखाली मुठीएवढी मऊ सूज होती. बोटाने दाबली तर खळगा पडून राहिला. खालची पापणी उलटून पाहिली. ती गुलाबी असायला हवी होती, पण धुतलेल्या कागदासारखी पांढरीफटक निघाली. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "डाक्टर, दोनदा जंताचं औषध पाजलंय. तरी बी हगवण थांबंना." कालवड तिसऱ्या दिवशी गेली. त्याच्या परवानगीने बांधावरच तिचं पोट उघडलं. चौथ्या पोटाचं, म्हणजे गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांतल्या शेवटच्या कप्प्याचं, अस्तर चिरलं तर आत बारीक दोऱ्यांचा गुंता वळवळत होता. प्रत्येक दोरा इंचभर लांब, लाल-पांढऱ्या पिळाचा. त्यातला पांढरा पीळ म्हणजे मादीचं गर्भाशय आणि लाल रेघ म्हणजे तिच्या आतड्यातलं रक्त. ते रक्त त्या कालवडीचं होतं. शेतकरी थोडा वेळ बघत राहिला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

या जंताचं नाव हिमाँकस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन हजार जंत असले तर रोज शंभर मिली, म्हणजे चहाचा कप भरून रक्त जातं. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती शेणातून गायरानावर पडतात. पावसाळ्याच्या उबेत आणि ओलीत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या गवताच्या पात्यावर चढतात. आपल्याकडे उन्हाळाभर कडबा आणि उसाचं वाढं खाऊन जनावर आधीच खंगलेलं असतं. मृगाचा पाऊस पडून गायरान हिरवं झालं की ते भुकेलेलं जनावर त्याच गवतावर तुटून पडतं, आणि गावातली सगळी गुरं चरतात त्याच गायरानावर.

आता औषधांबद्दल. आमच्या कपाटात मुख्यतः तीन घराण्यांची औषधं असत: अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोलचं एक, लेव्हामिसोलचं दुसरं, आयव्हरमेक्टिनचं तिसरं. आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी १९८१ मध्ये बाजारात आलं आणि ते शोधणाऱ्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. तसं ते होतंच मोलाचं. पण एकच घराणं वर्षानुवर्षं आणि तेही अपुऱ्या मात्रेत पाजत राहिलं, की त्यातून वाचलेले जंत पुढची पिढी घालतात. शेळ्या-मेंढ्यांतल्या हिमाँकसने अल्बेंडाझोलच्या घराण्याला दाद न दिल्याच्या नोंदी देशाच्या अनेक भागांतून झाल्या आहेत. परदेशात गाईंच्या जंतांनी आयव्हरमेक्टिनलाही जुमानणं सोडलं आहे. शिवाय आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेण मातीत गाडणारा हा किडा गेला की शेण गायरानावरच पडून राहतं.

यात शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. एक बाटली तीन जनावरांत वाटून पाजणारा शेतकरी मी पाहिला आहे, आणि वजन न मोजता नजरेच्या अंदाजाने मात्रा सांगणारा पर्यवेक्षक मी स्वतः होतो. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं, की किलोत वजन कळतं. शिंप्याची टेप पुरते. शिबिरात दोनशे जनावरं रांगेत असताना ती टेप मी किती वेळा काढली, हे आठवलं की वाईट वाटतं. त्या कालवडीला औषध कमी पडलं की तिच्या जंतांवर औषधच चालेनासं झालं, हे ठरवायला औषध पाजण्याआधी आणि नंतर शेण तपासायला हवं होतं. ते कोणी तपासलं नाही.

म्हणूनच माझं मागणं लशीचं आहे. जंतांवर लस असते का, असं माझे सहकारीही विचारतात. असते. गाईंच्या फुफ्फुसातल्या जंतांवरची लस ब्रिटनमध्ये १९५९ पासून आहे. किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या अळ्या वासरांना पाजतात. पोटातल्या जंतांवरची लस यायला फार वेळ लागला. स्कॉटलंडच्या मोरडन संशोधन संस्थेने हिमाँकसवर काम केलं आणि त्यातून २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी बार्बरव्हॅक्स नावाची लस बाजारात आली. तिच्यामागचा विचार मला फार आवडतो. जंताच्या आतड्याच्या अस्तरातली प्रथिनं काढून मेंढीला टोचायची. मेंढीच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. जंत रक्त पितो तेव्हा ती प्रतिपिंडंही पितो. ती त्याच्या आतड्याला चिकटतात आणि त्याला रक्त पचेनासं होतं. ज्या रक्तावर तो जगतो त्याच रक्तातून त्याचं मरण येतं. शिवाय हा मार औषधापेक्षा वेगळ्या जागी बसतो. त्यामुळे औषधाला निर्ढावलेला जंतही त्यातून सुटत नाही.

ही लस अजून अवघडच आहे. सुरुवातीला लागोपाठ डोस द्यावे लागतात आणि जंतांच्या हंगामात साधारण दर सहा आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं. प्रथिनं काढायला मेंढ्यांच्या पोटात वाढवलेले खरे जंतच लागतात. जिवाणूंमध्ये बनवलेल्या त्याच प्रथिनांच्या नकलांनी तसं संरक्षण दिलं नाही, कारण प्रथिनाची घडी आणि त्याला लागलेल्या साखरेच्या साखळ्या हुबेहूब उतरत नाहीत. थंड मुलुखातल्या गाईंना छळणारा ऑस्टरटॅजिया हा पोटातला जंत रक्तावर जगत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी ही युक्ती उपयोगी पडत नाही आणि बेल्जियममधलं गेंट विद्यापीठ वेगळ्या प्रथिनांवर काम करतं आहे. आपल्या वासरांतला हिमाँकस मात्र रक्तपिपासूच आहे. ब्राझीलमध्ये मेंढ्यांच्या हिमाँकसच्या आतड्यातली हीच प्रथिनं वासरांना टोचली, तेव्हा गाईंच्या हिमाँकसपासूनही संरक्षण मिळालं. तो प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्राझीलची ती वासरं उष्ण हवामानातलीच होती. तोच प्रयोग आपल्याकडे देवणी आणि लाल कंधारी वासरांवर व्हावा, एवढं साधं माझं मागणं आहे.

साधनं नाहीत असं म्हणता येणार नाही. परभणी आणि उदगीर, दोन्ही ठिकाणी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लस बनवण्याचा सराव असलेली पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था पुण्यात औंधला आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आपण शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून वेळ निभावली, आणि त्याच वर्षाअखेरीस लम्पीवरच्या देशी लशीचं तंत्रज्ञान औंधच्या संस्थेकडे आलं. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी केंद्राने २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम आखला. तो हवाच होता. त्या रोगांत जनावर डोळ्यांदेखत लाळ गाळतं, गाभडतं, दूध एकदम तुटतं, म्हणून साऱ्यांचं लक्ष जातं. जंताने खंगणारं वासरू महिनोन्महिने खंगत जातं आणि शेवटी कुठल्या तरी तापाने मेल्याची नोंद होते. जंताचा बळी कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

सुरुवात शेळ्यांपासून करावी असं माझं मत आहे. मेंढ्यांच्या लशीचा मूळ शत्रू आणि उस्मानाबादी शेळीच्या पोटातला जंत एकच आहे. त्यात शेळी म्हणजे भूमिहीन बाईची बँक. चार करडं मेली तर पोरीच्या शाळेचा खर्च गेला. आवश्यक परवानग्या घेऊन ती लस चाचणीसाठी आणावी आणि परभणी-उदगीरच्या प्रक्षेत्रांवर आपल्या शेळ्यांत पारखावी. सोबत वासरांवरचं संशोधन सुरू करावं आणि त्याला किमान दहा वर्षांचा अखंड निधी द्यावा. एका सरकारच्या मुदतीत ही लस तयार होणार नाही, हे मी जाणतो. पाया घालणाऱ्याचं नाव फलकावर राहीलच असं नाही, तरी तो आपण घालावा अशी विनंती आहे.

लस येईपर्यंत हाताशी असलेली औषधं तरी वाचवायला हवीत. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि शेणातली अंडी मोजायची काचपट्टी द्या, आणि ती मोजायला माणूस द्या. औषधाआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी मोजली आणि ती ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर त्या गावात ते औषध निकामी होऊ लागलं असं समजायचं. औषधवाटपाचा खर्च आपण करतोच. त्याच खर्चात मोजणीही बसवता येईल.

त्या शेतकऱ्याच्या कालवडीची आई पुन्हा गाभण आहे. फाल्गुनात विणार आहे. मृगाचा पाऊस पडेल तेव्हा ते वासरू तीन महिन्यांचं असेल आणि त्याच गायरानावर जाईल. निदान शेण तपासणीचा आदेश त्याआधी निघावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
लातूर जिल्हा